पुस्तक छापून झालं? आता चार प्रती बाजूला काढा

२०१९ साली बाबांच्या आठवणींचं पुस्तक मी स्वतःच छापलं. बाइंडिंग झाल्यावर छापखान्यातले काका म्हणाले, ‘‘ताई, सरकारी प्रती काढून ठेवल्यात हं.’’ मला वाटलं, सरकार आपलं पुस्तक विकत घेतंय. म्हटलं, ‘‘हव्या तर दहा ठेवा की!’’ काका हसले. ‘‘विकत नाही हो, फुकट द्यायच्या असतात. आम्ही देतो, तुम्ही काळजी करू नका.’’

मी खरंच काळजी केली नाही. सात महिन्यांनी आमच्याच इमारतीतल्या, ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या काकूंनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, ‘‘चार ग्रंथालयांना पाठवलंस ना?’’ मी सांगितलं, छापखान्याने पाठवलं. काकू म्हणाल्या, ‘‘ते वेगळं. ते छापणाऱ्याचं काम. हे प्रकाशकाचं. आणि प्रकाशक तू आहेस.’’

त्यानंतर स्वतःची आणि ओळखीपाळखीच्यांची मिळून अकरा पुस्तकं मार्गी लावली. दर वेळी नवा माणूस तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

कायद्याचं नाव लांबलचक आहे : पुस्तके व वृत्तपत्रे प्रदान (सार्वजनिक ग्रंथालये) अधिनियम, १९५४. पुस्तकवाले ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स ॲक्ट’ म्हणतात. तो सांगतो ते मात्र थोडक्यात आहे. भारतात पुस्तक प्रसिद्ध केलंत की तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना एकेक प्रत पोचवायची. वृत्तपत्रं त्यात १९५६ च्या दुरुस्तीने आली.

१. प्रकाशक कोण, ते आधी बघा

पुस्तकाचं क्रेडिट पान, म्हणजे सुरुवातीचं प्रकाशक-मुद्रकाच्या तपशिलांचं पान, उघडा. ‘प्रकाशक’ या शब्दापुढे ज्याचं नाव, त्याची जबाबदारी. लेखक स्वतः छापत असेल तर लेखक, त्याने बायकोच्या नावाने प्रकाशन काढलं असेल तर बायको.

गोंधळ होतो तो लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांच्या बाबतीत. पानावर नाव त्यांचं, प्रती सगळ्या लेखकाच्या घरी, आणि चार प्रती कोणी पाठवायच्या हे करारात कुठेच नाही. लेखक म्हणतो ते पाठवतील, ते म्हणतात प्रती लेखकाकडे आहेत. करार करतानाच ‘कायद्याच्या चार प्रती प्रकाशक पाठवेल आणि पावत्यांच्या झेरॉक्स लेखकाला देईल’ एवढी एक ओळ घालून घ्या.

२. ‘माझं काही पुस्तक नाही, पुस्तिका आहे’

चालत नाही. कायद्यात पुस्तिकाही पुस्तकच. कुठल्याही भाषेतलं पुस्तक, त्याचा प्रत्येक खंड किंवा भाग, स्वतंत्र छापलेला नकाशा, तक्ता, संगीताची स्वरलिपी, सगळं त्यात येतं. देवळाबाहेर दहा रुपयांना मिळणारी आरत्यांची चोपडीसुद्धा. तीन खंडांचं काम असेल तर तिन्ही खंड, चारही ठिकाणी.

सरकारी प्रकाशनंही यातून सुटलेली नाहीत. फक्त कार्यालयीन वापरासाठी छापलेली तेवढी वगळली आहेत. ई-पुस्तकाचं म्हणाल तर कायद्याची भाषा छापील आणि शिळाछाप वस्तूंची आहे. पण मागणीनुसार पन्नास-पन्नास प्रती छापून घेत असाल तर ते छापील पुस्तकच झालं. पहिल्या पन्नासातल्याच चार काढा.

वृत्तपत्राचा नियम वेगळा आहे. तिथे तीस दिवसांची सवलत नाही. प्रत्येक अंक निघाल्या निघाल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायचा. दिवाळी अंकवाल्यांनी आपली नोंदणी नियतकालिक म्हणून आहे का, ते आधी बघावं. नोंदणी नाही आणि अंक एकदाच काढलाय, तर मी सरळ पुस्तकासारख्या चार प्रती पाठवते. जास्तीची प्रत पाठवली म्हणून अजून कोणी मला ओरडलेलं नाही.

३. तीस दिवस कुठून मोजायचे?

प्रकाशनाच्या तारखेपासून. आपल्याकडची खोड अशी की क्रेडिट पानावर गुढीपाडवा, अक्षय तृतीया नाहीतर २७ फेब्रुवारी टाकायची, आणि पुस्तक त्या दिवशी बाइंडरकडे चिकटत पडलेलं असतं. समारंभ आणखी महिन्याभराने, पाहुण्यांची तारीख मिळेल तेव्हा. म्हणजे समारंभाच्या आधीच तुमचे तीस दिवस संपलेले.

माझा उपाय साधा आहे. पानावर फक्त महिना-वर्ष न टाकता पूर्ण तारीख टाकते आणि ती बाइंडिंग हातात येण्याच्या अंदाजाने ठरवते. प्रती घरात आल्या की समारंभाची वाट न बघता त्याच आठवड्यात चार प्रती रवाना.

४. प्रती निवडणं (इथे घाई करू नका)

चारही प्रती सारख्या हव्यात असं नाही. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला जाणारी प्रत सर्वोत्तम हवी : उत्तम कागदावरची, नकाशे-चित्रांसकट पूर्ण, रंगीत असतील तर रंगीत, नीट बांधलेली. बाकी तिघांना विक्रीसाठी ज्या कागदावर सर्वाधिक प्रती छापल्या तसली, दुकानात मिळते तशी प्रत चालते. तुम्ही पुठ्ठा बांधणीच्या शंभर आणि पेपरबॅक चारशे काढल्या असतील तर कोलकात्याला पुठ्ठा, इतरांना पेपरबॅक. कोपरा दुमडलेली, शाई पसरलेली प्रत ‘तिकडे कोण बघतंय’ म्हणून पाठवायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा.

आता माझी फजिती. बाबांच्या पुस्तकाच्या चार प्रती मी उशिरा का होईना पाठवल्या, आणि पंधरा दिवसांनी एका मावसभावाचा फोन आला : ‘‘अगं, पान ६४ नंतर परत ४९ येतंय आणि मग एकदम ८१!’’ सोळा पानी फर्म्यांचं पुस्तक (फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा जुडगा). बाइंडिंगला चौथा फर्मा दोनदा लागला होता आणि पाचवा गायब होता. पाचव्या फर्म्यात बाबांचा गिरणी संपाचा सगळा भाग. घरातले गठ्ठे फोडून बसले तेव्हा अशा तेवीस प्रती निघाल्या. पाठवलेल्या चारांतली कोणती तशी होती, हे कळायला मार्ग नव्हता. कायद्याला पूर्ण प्रत हवी. मग काय, चारही ठिकाणी दुसऱ्या प्रती पाठवल्या, सोबत ‘आधीच्या प्रतीत बांधणीचा दोष असण्याची शक्यता आहे, कृपया ही प्रत ठेवावी’ असं पत्र. खर्च डबल.

तेव्हापासून सतरंजीवर बसून चारही प्रतींची पानं अंगठ्याने सोडत जाते आणि फर्म्याच्या सांध्यावर थांबते : १६–१७, ३२–३३, ४८–४९, ६४–६५. दोनशे पानांच्या पुस्तकाला दोन मिनिटं लागतात. आतली रंगीत पानं वेगळी चिकटवलेली असतील तर ती मोजा. नकाशा घडी घालून ठेवला असेल तर तो खरंच आत आहे का बघा.

आणि पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहून सही ठोकू नका. हौशी लेखकांचा हात तिथे आपोआप जातो. ही भेट नाही, कायद्यानुसार दिलेली प्रत आहे. भेटीदाखल आलेल्या पुस्तकांच्या ढिगात ती गेली तर पावतीसाठी तुम्हालाच फोन करत बसावं लागेल.

५. जमवाजमव

– चार प्रती, आणि एक पाचवी हाताशी
– प्रत्येक ग्रंथालयाच्या नावाने पत्र, दोन प्रतींत
– पत्रातच पुस्तकाची माहिती : नाव, लेखक, भाषा, प्रकाशकाचं नाव-पत्ता, प्रकाशनाची तारीख, आवृत्ती, पृष्ठसंख्या, किंमत, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असल्यास तो
– प्लास्टिकची पिशवी, खाकी कागद, रुंद चिकटपट्टी
– एक वही आणि एक फाइल

पत्राचा विषय असा लिहा : ‘पुस्तके व वृत्तपत्रे प्रदान (सार्वजनिक ग्रंथालये) अधिनियम, १९५४ अन्वये प्रत सादर करण्याबाबत’. बाकी पत्र तीन ओळींचं पुरतं. शेवटची ओळ ‘कृपया लेखी पावती द्यावी’. मुंबईसाठी पत्र मराठीत, बाहेरच्या तिघांसाठी इंग्रजीत. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मात्र त्या पत्रात दोन्ही लिप्यांत द्या. कोलकात्यात किंवा चेन्नईत गठ्ठा फोडणाऱ्याला देवनागरी वाचता येईलच असं नाही.

बिल जोडू नका. हसू नका, लोक जोडतात.

६. मुंबईची प्रत स्वतः नेऊन द्या

मुंबईतल्या प्रकाशकांचा एक नेहमीचा समज असतो की आपण मुंबईचे, म्हणजे मुंबईतल्या ग्रंथालयाला दिलं की झालं. नाही. तुम्ही दादरला छापा नाहीतर दापोलीला, चारही ठिकाणी प्रत जायला हवी.

पण चारांतलं एक आपल्याच गावात आहे, ही चैन आहे. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, नगरभवन म्हणजे टाउन हॉल, शहीद भगतसिंग मार्ग, हॉर्निमन सर्कलसमोर, फोर्ट. सीएसएमटीहून पायी पंधराएक मिनिटं.

पहिल्या वेळी मी पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून थेट त्या प्रसिद्ध तीस पायऱ्या चढून वर गेले. वर एशियाटिक सोसायटी. १८०४ साली सुरू झालेली संस्था, १८३३ साली पूर्ण झालेली इमारत, आत संगमरवरी पुतळे, उंच छत. पुतळ्यांकडे बघत दहा मिनिटं तिथेच उभी राहिले. मग टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘‘सोसायटीला द्यायचंय की सरकारी ग्रंथालयाला?’’ सोसायटीचं ग्रंथालय आणि राज्य शासनाचं मध्यवर्ती ग्रंथालय एकाच इमारतीत असले तरी कारभार वेगवेगळे आहेत, हे मला तिथे उभं राहून कळलं. तुम्ही दारातच ‘राज्य मध्यवर्ती ग्रंथालय’ असं पूर्ण नाव घेऊन विचारा, आणि पत्रावरही तेच लिहा. नुसतं ‘एशियाटिक’ म्हणालात तर कोणीही तुम्हाला पायऱ्याच दाखवेल.

कामाच्या दिवशी, जेवणाची सुट्टी टाळून जा. सोबत पत्राची दुसरी प्रत, म्हणजे आपली ओसी, ठेवा आणि तिच्यावर शिक्का, सही, तारीख घ्या. पुस्तक घेणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर आधी क्रेडिट पान उघडलं, बोट ठेवत तारीख बघितली, मग किंमत. मुखपृष्ठाकडे ढुंकूनही पाहिलं नाही! मुखपृष्ठावर मी तीन महिने भांडले होते.

७. बाकीच्या तीन पोस्टाने

पत्ते असे :

राष्ट्रीय ग्रंथालय, बेल्व्हेडिअर, अलिपूर, कोलकाता ७०००२७

कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय, पँथिऑन रोड, एग्मोर, चेन्नई ६००००८

दिल्ली पब्लिक लायब्ररी, श्यामाप्रसाद मुखर्जी मार्ग, जुन्या दिल्ली रेल्वे स्टेशनसमोर, दिल्ली ११०००६

पाकिटावर इंग्रजीत ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स ॲक्टखाली’ असं ठळक लिहा. तिन्ही पाकिटं घरूनच बांधून न्या. टाउन हॉलचं काम झालं की सीएसएमटीकडे परत येताना जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, लागतंच, तिथे बुकिंग करून टाका. एका फेरीत चारही प्रती निघतात.

सेवा कोणती घ्यायची? १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ट्रॅकिंग मिळतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, आणि नियतकालिकं किंवा जाहिरातींनी भरलेले अंक त्यात चालत नाहीत. पाकीट जमिनीवरून जातं, म्हणजे सावकाश. हातात वीस दिवस असतील तर ज्ञान पोस्ट, पाच असतील तर स्पीड पोस्ट.

पावसाळ्यात पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये घाला, मग खाकी कागद. जूनमध्ये पाठवलेल्या एका कवितासंग्रहाचं पाकीट पत्ता चुकल्याने परत आलं होतं. उघडलं तर पानं पापडासारखी झालेली.

८. पावती मिळेपर्यंत काम संपलेलं नाही

ग्रंथालयाने लेखी पावती द्यायची, हे त्याच कायद्यात आहे. म्हणून मागायला लाजू नका. वहीत पुस्तकाच्या नावापुढे चार रकाने आखा : पाठवल्याची तारीख, ट्रॅकिंग क्रमांक, पोचल्याची तारीख, पावती क्रमांक. टपालाचं ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे पाकीट दारात पोचलं, एवढंच. ग्रंथालयाची पावती म्हणजे पुस्तक नोंदलं गेलं. दोन महिन्यांत पावती आली नाही तर ट्रॅकिंगचा कागद जोडून स्मरणपत्र टाका. माझा अनुभव असा की पहिल्या पत्राला उत्तर येवो न येवो, स्मरणपत्राला येतं.

टपालाच्या थर्मल पावतीची शाई सहा महिन्यांत उडते. घरी आल्यावर लगेच फोटो काढा.

या प्रतींचं पुढे काय होतं, असं एका तरुण कवीने विचारलं होतं. कोलकात्यातल्या केंद्रीय संदर्भ ग्रंथालयात राष्ट्रीय ग्रंथसूची तयार होते. मराठीसह भारतीय भाषांतल्या पुस्तकांच्या तिच्यातल्या नोंदी याच कायद्याखाली राष्ट्रीय ग्रंथालयात आलेल्या प्रतींवरून होतात. प्रत गेली नाही तर नोंद कशावरून करणार? काही महिन्यांनी ऑनलाइन सूचीत आपलं पुस्तक शोधून बघा. देवनागरीत सापडलं नाही तर रोमन अक्षरांत शोधा.

९. यात मिसळू नका

*छापखान्याच्या ‘सरकारी प्रती’.* आमच्या काकांचं प्रकरण. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याखाली मुद्रकाने राज्य सरकारला प्रती द्यायच्या असत. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा नियतकालिकांच्या नोंदणीच्या २०२३ च्या कायद्याने घेतली आणि त्यात पुस्तकं ठेवलेलीच नाहीत. त्यामुळे आता अर्धे मुद्रक म्हणतात ‘सरकारी प्रती बंद झाल्या’. झाल्या त्या त्यांच्या. तुमच्या चार १९५४ च्या कायद्यातल्या आहेत आणि तो तसाच आहे.

*आयएसबीएन.* हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो. पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर नमस्कार करून निघा. क्रमांक मिळाला म्हणजे प्रती पोचल्या असं होत नाही, आणि क्रमांक नसला तरी प्रती द्याव्या लागतात.

*कॉपीराइट नोंदणी.* ती ऐच्छिक, तिचं कार्यालय वेगळं, शुल्क वेगळं. चार प्रती दिल्याने कॉपीराइटची नोंदणी होत नाही. तशी लेखकाचा हक्क नोंदणीवाचूनही असतोच.

*शासनमान्य यादी आणि पुरस्कार.* ग्रंथालय संचालनालयाच्या यादीसाठी किंवा राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी दिलेल्या प्रती तुमच्या इच्छेच्या. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय संचालनालयाच्याच अखत्यारीत असल्याने ‘एकदा दिलंय की’ असं वाटतं. दोन्हींची पत्रं वेगळी ठेवा.

१०. दुसरी आवृत्ती

पहिल्या आवृत्तीच्या प्रती दिल्या असतील आणि नव्या छपाईत काहीच बदल नसेल, तर पुन्हा द्यायची गरज नाही. बदल असेल तर द्यायच्या. आपल्याकडे नुसत्या पुनर्मुद्रणाला ‘दुसरी आवृत्ती’ म्हणायची पद्धत आहे, जाहिरातीत बरं दिसतं. उलट नवी प्रस्तावना, परिशिष्ट, दुरुस्त नकाशा घालून वर ‘पुनर्मुद्रण’ लिहिणारेही आहेत. पानावर काय लिहिलंय ते सोडा, आत काय बदललंय ते बघा. मजकुरात किंवा चित्रांत भर पडली असेल तर चार प्रती काढा.

११. उशीर झालाय? किंवा कधीच पाठवलं नाही?

कायद्यात दंड लिहिलाय : पन्नास रुपयांपर्यंत, आणि वर पुस्तकाची किंमत. तोही केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केली तरच. चारशे रुपयांच्या पुस्तकाला फार तर साडेचारशे. तुमच्या दारात कोणी येणार नाही, आणि म्हणूनच बरेच जण टाळतात. मला ते पटत नाही. पाचशेची आवृत्ती पाच वर्षांत कुठे जाते, ते मी माझ्याच माळ्यावर बघितलंय. वाळवीने शेवटच्या चाळीस प्रती खाल्ल्या. फोर्टातली, एग्मोरमधली, अलिपूरमधली प्रत सांभाळायला निदान कोणाची तरी नोकरी आहे.

जुनी पुस्तकं राहून गेली असतील तर एकदम पाठवा. एकाच पत्राला यादी जोडा, प्रत्येक पुस्तकाची स्वतंत्र ओळ, आणि पावतीही पुस्तकवार मागा. पुस्तकावर छापलेली प्रकाशनाची तारीख आहे तशीच लिहा, स्टिकर लावून पुढे ढकलू नका. मी पहिल्या पत्रात उशिराबद्दल अर्धं पान माफी लिहिली होती. काकूंनी ती पेन्सिलीने खोडली आणि खाली लिहिलं, ‘विलंबाबद्दल क्षमस्व.’ तेवढं पुरलं.